सिंगापूरहून, पर्सिव्हलच्या मागावर

सिंगापूर, मंगळवार

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईला सांगा, इथे कढीपत्त्यापासून सगळं मिळतं, काळजी नको.

आज बुकित तिमाचा जुना फोर्ड कारखाना पाहिला. १५ फेब्रुवारी १९४२ ला, रविवारी संध्याकाळी, ब्रिटिश सेनापती लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितासमोर शरणागतीवर सही केली ती इथे. सहीचं टेबल मात्र कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. तुमच्या पुस्तकातला तो फोटो इथेही आहे. एकाच्या खांद्यावर पांढरं निशाण, दुसऱ्याच्या युनियन जॅक, आणि कडेला किडकिडीत पर्सिव्हल: ढगळ अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर थाळीसारखं शिरस्त्राण. एवढ्यावरून लोकांनी त्याला भित्रा ठरवलं. पण १९१४ ला लंडनमधली कारकुनी सोडून साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस पहिल्या महायुद्धातून शौर्यपदकं घेऊन आला होता. आयर्लंडमध्ये तर त्याचं नाव क्रूर म्हणूनच घेत.

गुरुवार

अण्णा, फोर्ट कॅनिंगच्या टेकडीखालचं ब्रिटिशांचं भुयारी ठाणं पाहिलं. अरुंद बोळ, बुटक्या खोल्या. शरण जायचं ठरलं ते इथेच, १५ फेब्रुवारीच्या सकाळी. पाण्याचे साठे जपान्यांच्या हाती, फुटलेल्या नळांतून उरलंसुरलं पाणी वाहून चाललेलं, आणि शहर माणसांनी खच्चून भरलेलं. यामाशिताकडे जेमतेम तीस हजार सैन्य होतं आणि त्याचाही दारूगोळा संपत आला होता. पर्सिव्हलला याचा पत्ताच नव्हता.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १९३७ मध्ये मलायात स्टाफ अधिकारी असताना यानेच जपानी बाजूने विचार करून अहवाल लिहिला होता की हल्ला उत्तरेकडून, सयाम-मलायाच्या किनाऱ्यावर उतरून होईल. झालंही तसंच. आणि तोच सेनापती झाल्यावर मुख्य अभियंता सिम्सनने बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मोर्चे बांधू द्या म्हणून विनवलं, तर याचं उत्तर काय, तर असल्या बांधकामाने सैन्याचं आणि लोकांचं मनोधैर्य खचतं! कागदावर हुशार, मैदानात ढिम्म. तुम्ही सारा दोष चर्चिलच्या माथी मारता. विमानं आणि रणगाडे न पाठवल्याचं पाप त्याचंच, पण हे नाही.

शनिवार

मुस्तफाच्या दुकानातून बाहेर पडले आणि चालत फॅरर पार्कला गेले. १७ फेब्रुवारीला सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना इथे आणून जपान्यांच्या स्वाधीन केलं. पर्सिव्हल आला नाही. एका कर्नलने ते काम उरकलं. आझाद हिंद सेनेची पहिली भरती त्यांतूनच झाली. शहर वाचवायला शरण गेलो म्हणावं, तर त्यानंतर थोड्याच दिवसांत जपान्यांनी हजारो चिनी नागरिकांना वेचून मारलं.

पर्सिव्हल चांगी, फोर्मोसा आणि मांचुरियात साडेतीन वर्षं कैदेत होता. सप्टेंबर १९४५ मध्ये ‘मिसुरी’ जहाजावर जपानच्या शरणागतीच्या वेळी अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या मागे उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी फिलिपिन्समध्ये यामाशिता शरण आला तेव्हाही हजर. मायदेशी मात्र ‘सर’ ही पदवी मिळाली नाही, आणि पेन्शनही मेजर जनरलच्याच हुद्द्याची. तरी १९६६ मध्ये मरेपर्यंत तो युद्धकैद्यांच्या संघटनेचा अध्यक्ष राहून त्यांच्या भरपाईसाठी भांडत राहिला. युद्धकैद्यांवरचा तुमचा आवडता सिनेमा ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ आला तेव्हा, ही कथा काल्पनिक आहे असं पडद्यावर लिहा, म्हणून हटून बसलेल्यांत हाच पुढे होता. म्हणजे हटून बसणं जमत होतं की गृहस्थाला!

उद्या क्रांजीच्या दफनभूमीत जाईन. तुमचा चष्मा घेतला आहे.

आपली,
सुमा