दोन खडू आणि एक जुनं इंजिन

इंजिन म्हटलं की तुम्हाला रेल्वे आठवत असेल. आमच्या मंठ्याच्या मुलांना रेल्वे पाहायची तर परतूरला जावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे नुसतं 'इंजिन' म्हटलं की ते विहिरीवरचं, पाणी उपसणारं!

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट असायची. बैल उताराने खाली जायचे आणि चामड्याची मोट भरून वर यायची. पुढे डिझेलवरची इंजिनं आली. किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना काढला तो १९४६ साली. या इंजिनांनी खेड्यापाड्यांत बैलांचं ओझं हलकं केलं. मग शिवारात वीज आली, विजेच्या मोटारी आल्या आणि पुष्कळ इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्याखाली जाऊन पडली.

असंच एक इंजिन दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मार्च महिन्यात विकत आणलं. कारण तसंच होतं. शिवारातली डीपी जळाली होती. विहिरीत पाणी होतं, पण ते वर कसं आणायचं? मोसंबीची दोनशे रोपं दुसरा उन्हाळा बघत होती. मोसंबी हे आमच्या जालना जिल्ह्याचं नावाजलेलं पीक. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या किती बागा वाळल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. रोपांची पानं दुपारी गुंडाळायला लागली होती. आठवडाभरात पाणी फिरलं नसतं, तर दोन वर्षांची मेहनत गेली असती.

ट्रॉलीतून इंजिन उतरलं. सोबत पाइप होते आणि एका पोत्यात नळ्या, नट आणि वायसर. माहितीपुस्तक वगैरे काही नाही. विकणाऱ्याने "चालू आहे, हँडल मारा की सुरू," एवढंच सांगितलं होतं. जमलेल्या मंडळींनाही घाई झाली होती. "मारा हँडल, बघू तरी!"

पण हँडल मारणारे आमचे मिस्त्रीमामा दुसऱ्या दिवशी येणार होते. ते येईपर्यंत कुणी हँडलला हात लावायचा नाही, असं दादाने बजावलं. माझी सातवीतली पुतणी म्हणाली, "काका, हात नाही लावायचा, पण बघायचं तर चालेल ना?"

मी खिशातून दोन खडू काढले. मास्तरांच्या खिशात खडू असतातच! एक लाल, एक निळा. तिला सांगितलं, "जिथून डिझेल जातं तिथे लाल खूण कर, जिथून पाणी जातं तिथे निळी. नळीच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि दुसरं टोक सापडेपर्यंत थांबायचं नाही."

आधी लाल रस्ता. वर डिझेलची टाकी. ती उंचावर का? डिझेल आपोआप खाली उतरावं म्हणून. टाकीखाली कॉक. तिथून नळी फिल्टरमध्ये जाते. डिझेलमधला कचरा तिथे अडतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून डिझेलमध्ये पाणी मिसळलं असेल तर ते तळाशी बसतं. फिल्टरमधून डिझेल जातं एका छोट्या पंपात. तो पंप ते जोराने ढकलतो बारीक पण जाड भिंतीच्या लोखंडी नळीत, आणि ती नळी पोचते नोझलपाशी. नोझल डिझेलचा फवारा मारतं.

"मग पेटवतं कोण? काडी कुठंय?" पुतणीने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. ती इतकी तापते, की डिझेलचा फवारा त्यात पडताच आपोआप पेट घेतो. काडी नको, ठिणगी नको! रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने असं इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याचंच नाव पुढे तेलालाही मिळालं.

लाल रस्ता संपला असं वाटत होतं, तेवढ्यात ती ओरडली, "काका, ही एक नळी कुठेच जात नाही!"

खरंच, नोझलच्या वरून निघालेली एक बारीक नळी अधांतरी लोंबत होती. नोझलमध्ये थोडं डिझेल नेहमी झिरपतं. ते वाया जाऊ नये म्हणून या नळीने टाकीकडे परत न्यायचं असतं. ते टोक तसंच राहिलं असतं, तर थेंब थेंब डिझेल गरम इंजिनावर पडत राहिलं असतं.

आता निळा रस्ता. विहिरीत सोडायच्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह. त्याला जाळी, आणि आत एक झडप. ही झडप पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. मग पाइप, मग पंप, आणि पंपातून पुढे बागेकडे.

इथे एक गंमत सांगतो. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण खरं तर तो पाइपातली हवा काढून टाकतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन त्याला वर चढवते. हवेचा हा दाब मर्यादित आहे. कितीही ताकदीचा पंप आणा, ओढून पाणी सुमारे १० मीटरच्या वर चढत नाही. इटलीतल्या टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास यामागचं कारण शोधलं. प्रत्यक्षात सहा-सात मीटर म्हणजे पुष्कळ झालं. आमच्या विहिरीचं पाणी काठापासून अठरा फुटांवर, म्हणजे साडेपाच मीटरवर होतं, म्हणून इंजिन काठावर ठेवता आलं. ते विहिरीत उतरवणं धोक्याचं असतं. धूर आत कोंडतो आणि माणसाचा जीव जाऊ शकतो.

निळा खडू पंपाच्या पुढच्या बाकाशी थांबला. तिथे एक छोटं तोंड होतं आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली! इकडे इंजिनाच्या अंगावर दोन तोंडं रिकामी, एक खाली, एक वर.

"तीन तोंडं, आणि नळी एकपण नाही," पुतणी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "इंजिनालापण पाणी लागतं का?"

लागतं! आत डिझेल पेटतं, इंजिन तापतं. पंपातलं थोडं पाणी नळीने इंजिनाभोवतीच्या पोकळीत खालच्या तोंडाने शिरतं आणि तापून वरच्या तोंडाने बाहेर पडतं. खालून शिरल्यामुळे पोकळी पूर्ण भरते, आत हवा अडकून राहत नाही. ही नळीच नव्हती. त्या संध्याकाळी हँडल मारलं असतं, तर इंजिन कदाचित सुरू झालं असतं, बागेत पाणीही पडलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आणि थोड्याच वेळात तापून ते जाम झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीमामा आले. लाल-निळ्या खुणा बघून हसले. म्हणाले, "अर्धं काम तर पोरीनं करून ठेवलं." मंठ्याच्या बाजारातून रबरी नळी आणि क्लिपा आणल्या. सांध्यांना सुतळी आणि सफेदा लावला. पाइपात पाणी भरून पाहिलं, तर ते हळूहळू उतरत होतं. फूटव्हॉल्व्हच्या झडपेत एक खडा अडकला होता! तो काढला. डिझेलच्या नळीतही हवा शिरली होती. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून मामांनी हवेचे बुडबुडे जाऊ दिले आणि नुसतं डिझेल यायला लागल्यावर तो आवळला. मग आम्हा सगळ्यांना लांब उभं करून त्यांनी हँडल फिरवलं. धक्... धक्... धक्धक्धक्! आधी पाइपातून हवा फुसफुसली, मग पाणी आलं. दादा बागेकडे पळाला. पुतणी मात्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या बारीक धारेखाली हात धरून उभी होती. "कोमट आहे काका, बरोबर आहे!"

माझा एक डी.एड.चा सोबती कोकणात समुद्रकाठच्या शाळेत शिक्षक आहे. त्याला मी हे सारं पत्राने कळवलं. त्याने लिहिलं, की जुनी होडी घेणारे जाणते कोळीही असेच नळ्यांमागे फिरतात. होडीतही डिझेलचा एक रस्ता आणि पाण्याचा एक. तिथे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी घेतात. फरक इतकाच, की आमच्या विहिरीवर नळी निसटली तर चिखल होतो. तिकडे पाण्याखालच्या भोकाची नळी निसटली आणि कॉक बंद केला नाही, तर होडीच भरते!

तुम्ही इंजिनाला हात लावू नका, ते मोठ्यांचं काम. पण तुमच्या शाळेत नळ असेलच. एक निळा खडू घ्या, गुरुजींना किंवा बाईंना विचारा आणि नळापासून मागे मागे जात टाकीपर्यंतचा रस्ता शोधा. कुठेच न जाणारी एखादी नळी सापडली, तर ती आधी कशासाठी असेल, याचा विचार करा.