रुळांवरचे पूल

डॅन्यूब नदीवरचा साखळी पूल 1849 मध्ये खुला झाला. त्याने बुडा आणि पेस्ट ही समोरासमोरची गावं जोडली आणि पुढे 1873 मध्ये त्यांचं एकच शहर झालं. आमच्याकडे 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली आणि रूळ वस्त्यांच्या मधून गेले. तेव्हापासून परळ काय, दादर काय, पूर्व आणि पश्चिम असं दोन अंगांनी जगत आलं. आमच्या पुलांखाली पाणी नाही, लोकल आहेत. गिरगावाकडचे फ्रेंच ब्रिज आणि केनेडी ब्रिज, मग भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, डिलाइल रोड, एल्फिन्स्टन, टिळक ब्रिज, सगळे रुळांवरून आडवे गेलेले.

टिळक ब्रिज 1925 सालचा. सकाळी लवकर दादर पश्चिमेला उतरलं की पुलाच्या पायथ्याशी फुलबाजार भरलेला असतो. झेंडूच्या ओल्या राशी, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, कोणी देठं खुडत बसलेलं. वर कठड्याला टेकून उभं राहावं. बेस्टची बस गेली की पायांखाली बारीक थरथर उठते आणि खालून फास्ट लोकल गेली की ती वाढते. ही थरथर मला फार आवडते. पूल भार पेलतो आहे, हे तिथे तळपायांना कळतं. आता शेजारी नवा केबल-स्टेड पूल उभा राहतो आहे.

गणपतीत महापालिका दरवर्षी बजावते: करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर एका वेळी 16 टनांहून जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका. ताशा ऐन रंगात आलेला असताना पाय आवरून पूल पार करायचा, हे सोपं नाही. लालबाग-परळच्या पोरांना ते जमवावं लागतं. 2011 मध्ये लालबागवरून लांबलचक उड्डाणपूल गेला. त्यावरून गाड्या सुसाट जातात. पण त्यावर चालता येत नाही, म्हणून तो मला पूल वाटतच नाही.

गिरणीच्या भोंग्यावर निघालेली माणसं याच पुलांवरून पायी येत-जात. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांत कामाला येणारी गर्दी त्याच जुन्या जिन्यांवर लोटली. 29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. पाऊस आला म्हणून माणसं आडोशाला जिन्यात थांबली होती. 23 जण गेले. त्यानंतर लष्कराच्या जवानांनी तिथे नवा पादचारी पूल बांधला. 2018 च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. तो इतक्या लवकर होऊ शकत होता, याचं दुःख अजून जात नाही.

गाड्यांचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला. परळ आणि प्रभादेवी जोडणारा, शंभरी ओलांडलेला. केईएम आणि टाटा हॉस्पिटलकडे निघालेल्या कितीतरी अँब्युलन्स त्यावरून गेल्या. आता तिथे दुमजली पूल होणार आहे: खालचा मजला परळ-प्रभादेवीच्या रहदारीसाठी, वरचा शिवडी-वरळी मार्गासाठी, अटल सेतूवरून येणाऱ्या गाड्यांना थेट वरळीकडे नेणारा. वरच्या मजल्याबद्दल भरपूर बोललं जातं. मला खालच्याची काळजी आहे. फुटपाथ किती रुंद ठेवतात, जिना कुठे उतरवतात, पावसात थांबायला आडोसा देतात का, प्रभादेवीहून निघालेली म्हातारी केस पेपरची पिशवी सांभाळत केईएमपर्यंत धक्के न खाता पोचेल का, हे मी पूल खुला होईल त्या दिवशी स्वतः चालून बघणार आहे.