करार आणि ओवी

इतिहासाच्या तासाला एका चुणचुणीत विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, भाषा, गाणी, नाटके टिकावीत म्हणून राष्ट्रे आपसांत करार करतात म्हणे. पण सही केल्याने गाणे कसे टिकेल?" इतक्यात घंटा झाली व उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पॅरिस येथे २० ऑक्टोबर २००५ रोजी युनेस्कोच्या परिषदेने सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचे रक्षण व संवर्धन करण्याविषयीचा करार संमत केला. १४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. अमेरिका व इस्रायल ही दोनच राष्ट्रे विरुद्ध गेली. मार्च २००७ मध्ये तो अमलात आला. आपला भारतही त्यात सामील आहे. त्याचे मर्म असे की, पुस्तक, चित्रपट, गाणे ही बाजारात विकली जातात खरी, परंतु ती साखरेच्या पोत्यासारखा नुसता माल नव्हेत. त्यांत एका समाजाचे अंतःकरण साठविलेले असते. म्हणून आपल्या कलांस आधार देण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. फ्रान्स देशात चित्रपटाच्या तिकिटातील काही अंश चित्रपटांच्या साहाय्यनिधीत जातो. तेथे परदेशी चित्रपट पाहणाराही नकळत स्वदेशी कलेस हातभार लावतो.

तथापि, कराराची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. त्याने व्यापाराचे इतर करार रद्द होत नाहीत. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांनी वर्षाकाठी १४६ दिवस स्वदेशी चित्रपट दाखवावेत असा नियम होता. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी निघाली आणि २००६ साली ते दिवस ७३ वर आले. तेथील नटनट्यांनी रस्त्यावर उतरून निषेध केला, तरी उपयोग झाला नाही.

आणि जेथे कोणाचाच दाब नसतो, तेथे काय होते? हे लिहिताना आम्हांस आमची आई आठवते. पहाटे ती जात्यावर डाळ भरडू लागली की ओव्या गाई. त्यांत प्रभू येशूचा जन्म असे, तिच्या माहेरची नदी असे, आणि आमचे नावही असे. आम्ही पदवीधर होऊन घरी आलो, तेव्हा शहरातील स्नेही बरोबर होते. पहाटे ओवी सुरू झाली आणि आम्हांस संकोच वाटला. "आई, आज राहू दे," एवढेच आम्ही म्हणालो. ती थांबली. पुन्हा आमच्या देखत तिने कधी गायिले नाही. आज ती नाही, आणि आमच्या नावाची ओवीही आम्हांस अर्धीच आठवते. ती कोणा परकीयाने हिरावून नेली नाही. आम्हीच ती गमावली.

तेव्हा, बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे: कराराने गाणे टिकत नाही, गाण्याला जागा मात्र राहते. गाणे हे गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेच टिकवावयाचे असते.

पन्नासाव्या दिवसाची हकीकत आपण उपासनेत ऐकतो. नाना देशींच्या लोकांस त्या दिवशी एकच भाषा शिकविली गेली नाही. ज्याला त्याला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. विविधतेचा मान याहून मोठा कोणता?

मुलांनो, येत्या सुट्टीत वही घेऊन आजीजवळ बसा आणि तिला एक ओवी म्हणावयास सांगा. पालकहो, ती गाऊ लागली की कृपा करून तिला थांबवू नका.