उसनं स्वातंत्र्य

कुणाचं न ऐकता, खिशाला खार लावून मनासारखा चित्रपट करणारा एकांडा शिलेदार. स्वतंत्र दिग्दर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं. जॉन कॅसाव्हेटिस हा अमेरिकी नट-दिग्दर्शक मला आवडतो, तो मात्र या चित्रात बसत नाही. त्याच्याइतका दुसऱ्यांवर विसंबलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

‘शॅडोज’ या चित्रपटासाठी त्याने न्यूयॉर्कमधल्या एका रेडिओ कार्यक्रमात लोकांकडे मदत मागितली आणि श्रोत्यांनी खरोखरच पैसे पाठवले. १९५८ मध्ये चित्रपट दाखवल्यावर त्याला जाणवलं, की यात कॅमेऱ्याच्या करामती दिसतात, माणसं दिसत नाहीत. त्याने बराचसा भाग पुन्हा चित्रित केला. लोकांच्या पैशांतून केलेलं काम बाजूला सारायला छाती लागते. पण त्या पैशांशी इमान राखण्याचा दुसरा मार्ग तरी कोणता होता?

पुढे ‘रोझमेरीज बेबी’सारख्या दुसऱ्यांच्या चित्रपटांत कामं करून तो आपल्या चित्रपटांचा खर्च भागवत राहिला. ‘फेसेस’ त्याने बराचसा राहत्या घरातच चित्रित केला. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’साठी घर गहाण पडलं, नट मित्र पीटर फॉकने पदरचे पैसे घातले, आणि वितरक मिळेना तेव्हा कॅसाव्हेटिसने तो स्वतःच थिएटरांत लावला.

अशी उधारी त्याला जमली, कारण तो मुळात नट होता, असं मला वाटतं. समोरच्याने काही दिल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही, हे नटाला पहिल्याच तालमीत कळतं. म्हणून त्याच्या सेटवर नटांनी खुणेच्या जागी उभं राहायची सक्ती नसे. ते जातील तिकडे कॅमेरा जाई. आमच्याकडे प्रायोगिक नाटकं करणाऱ्यांनाही हा व्यवहार ठाऊक आहे. तालमीची जागा एकाची, चहा दुसऱ्याचा, आणि प्रयोग सगळ्यांचा.

या व्यवहाराची एक बाजू मला खुपते. प्रेमाने दिलेल्या गोष्टीचा हिशेब कुणी ठेवत नाही. कॅसाव्हेटिसचं धाडस सांगताना ‘त्याने घर गहाण टाकलं’ असं म्हणतात. त्या घरात जीना रोलँड्सही राहत होती: त्याची बायको, त्या चित्रपटाची नायिका आणि त्याच्या मुलांची आई. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हेही आपण फाळक्यांच्याच जिद्दीच्या खात्यावर मांडतो. जोखीम दोघांची असेल, तर धाडसही दोघांच्या नावावर लागायला हवं.