पहाटे तीन वाजताचं लंडन

विमानप्रवासानं झोपेचं खोबरं होतं, त्यावर जो तो निराळा उपाय सांगतो. कुणी म्हणतं गोळी घेऊन झोपा, कुणी म्हणतं उपास करा. माझ्या लेकीचा उपाय साधा होता. ‘‘आई, दिवसा पडायचं नाही. उजेडात राहायचं. अंधार पडला की झोप.’’ जूनमध्ये लंडनला अंधार पडतो रात्री साडेनऊनंतर, हे मात्र तिनं आधी सांगितलं नाही!

मी गेले होते तिच्या बाळंतपणासाठी. सातवा सरत आला होता. दुधाचे पदार्थ त्या देशात बरोबर नेता येत नाहीत, म्हणून साजूक तूप आणि पेढे जळगावलाच ठेवले. डिंक, खारीक, अळीव आणि बिबड्यांचा डबा तेवढा नेला. तूप तिथल्या आपल्या दुकानांतून मिळतं. ज्या मैत्रिणींना असं जायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवावं.

शनिवारी संध्याकाळी पोहोचले आणि पहाटे तीनला टक्क जागी! उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. म्हणजे जळगावात साडेसात वाजले होते, दूधवाला येऊन गेला असेल. पडून तरी काय करणार? ओटा पुसला, चहा टाकला. कपबशीच्या आवाजानं लेक उठली. म्हणाली, ‘‘चल, गाडी काढते. रविवार आहे, रस्ते मोकळे मिळतील.’’ मध्य लंडनमध्ये गाडी नेली की २००३ पासून कर भरावा लागतो, पण रविवारी दुपारी बारापर्यंत तो नाही. जावई रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते. गाडी चालवणार होती ती, पोटुशी.

माझ्या पोटात गोळाच आला. पण तिनं पट्टा कसा लावायचा ते दाखवलं : खालची पट्टी पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, तिरकी पट्टी छातीच्या मधून, पोटाच्या कडेनं. आपल्याकडेही गाडीतून जाणाऱ्या गरोदर बायकांनी हे शिकून घेण्यासारखं आहे. मलाही मागच्या सीटवर पट्टा लावायला लावला. तिकडे तो कायदाच आहे. रस्त्याची बाजू मात्र आपलीच, डावी. आपल्या परवान्यावर तिथं बारा महिने गाडी चालवता येते, पुढं राहायचं असेल तर तिथली परीक्षा द्यावी लागते. ती तिनं दिली होती. अख्ख्या वाटेत कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्या फुले मार्केटजवळून गेल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही, त्याला ही शांतता चमत्कारिकच वाटते.

आधी प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर गेलो. १० नंबरच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. इतक्या सकाळी दार बंद होतं, बाहेरूनच हात जोडले. तिथून हाउली प्लेस. तिथंही घराचा नंबर १०च! चिरोलवरच्या खटल्यासाठी आलेले लोकमान्य १९१८-१९ मध्ये तिथं राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. गल्ली इतकी शांत, की सुगरणीनं झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखी.

पण मला खरं बघायचं होतं ते थेम्सकाठच्या बागेत. माझं माहेर धरणगावचं. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि सातपुड्यातले भिल्ल काही केल्या ऐकेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा बाविशीतला गोरा तिकडे आला. त्यानं भिल्लांबरोबर शिकारी केल्या, त्यांच्यात मिसळला आणि त्यांचीच पलटण उभारली. तिचं ठाणं आमचं धरणगाव. भिल्लांनीच भिल्लांची बंडं मोडायची, अशी ती युक्ती! त्या औट्रमचा पुतळा इथं उभा आहे, १८७१ पासून, आणि त्याला पुरलंय वेस्टमिन्स्टर ॲबेत. रविवारी तिथं नुसती प्रार्थना असते, म्हणून आत गेलो नाही.

‘‘आई, हा माणूस आपल्या गावात होता?’’ लेकीनं विचारलं. होता. शूर असेलही. पण १८५७ च्या धामधुमीत सातपुड्यात उभे राहिलेले खाज्या नाईक आणि १८५८ ची अंबापाणीची लढाई या बागेत कुणाला सांगायची? मी तिला सांगितली. बाकावर बसून ऐकत होती, एक हात पोटावर.

मग म्हणाली, ‘‘तू सहा महिन्यांवर राहू शकत नाहीस. त्यांच्या रात्रपाळ्या. बाळाला ताप आला तर मलाच न्यावं लागणार ना? म्हणून शिकले गाडी.’’ कॉलेजात असताना तिनं स्कूटी मागितली होती. तिच्या वडिलांनी नको म्हटलं होतं. त्याचा उल्लेख तिनं केला नाही, मीही नाही. परतताना मात्र मी आरशाकडे बघणं सोडून बाहेर बघू लागले.

चार वाजता डोळे मिटायला लागले. लेकीनं लगेच वेंब्लीच्या ईलिंग रोडला नेलं. वांगी बघितली : काळीभोर, गुळगुळीत. आपली हिरवी, भरताची कुठली मिळायला! तीच घेतली. घरी गॅसवर भाजायला ठेवली नि छतावरचं धुराचं यंत्र असं कोकललं की जावई झोपेतून उठून वर्तमानपत्रानं वारा घालत धावले. भरीत बेताचंच झालं. कळण्याची भाकरी नव्हती, पोळ्यांवर भागवलं. जावयांनी तीनदा घेतलं.

नवाला पाच मिनिटं कमी होती. खिडकीत ऊन होतं आणि जळगावात रात्रीचे दीड वाजायला आले होते. लेक पडदे ओढायला उठली. म्हटलं, ‘‘बस तू, मी ओढते.’’