बसणे आणि बसवणे

'हेडसेट' हा शब्द मी घरात उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कानाला लावायचे यंत्र येते. त्यात त्यांचा दोष नाही. सकाळच्या लोकलने डोंबिवलीहून ठाण्याला जाताना डब्यातल्या कितीतरी कानांवर तेच दिसते. मला मात्र गेल्या पावसाळ्याआधी सायकलचा हेडसेट हवा होता. रूप एकच आणि अर्थ दोन, हे उदाहरण वर्गात सांगायला बरे, असे तेव्हा मला वाटले होते. या शब्दामुळे आपलाच एक जुना हिशेब उघडला जाईल, याची कल्पना नव्हती.

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा त्याने हौसेने घेतलेली माउंटन बाइकची कार्बनची फ्रेम आणि पुढचा सस्पेन्शनचा चिमटा माळ्यावर राहिला. "बाबा, विकून टाका," असे तो म्हणाला. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली आणि रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी व्यायामाचा आग्रह धरलेला. विकण्याऐवजी ती सायकल आपणच उभी करावी आणि पहाटे येऊरचा चढ चढावा, असे माझ्या मनाने घेतले. बाकीचे सुटे भाग जमले. अडले ते हेडसेटपाशी.

चिमट्याचा दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येतो आणि त्यावर हँडल बसते. ही नळी आणि तो दांडा यांच्यामध्ये वर एक व खाली एक असे दोन बेअरिंग असतात. ते आणि त्यांना धरून ठेवणारी कडी-झाकणे मिळून हेडसेट होतो. हँडल वळते ते त्याच्या बळावर. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीला या जागी ग्रीसमध्ये बुडवलेले सुटे छर्रे असत. वर्षातून एकदा ते रॉकेलमध्ये धुऊन परत बसवताना मी पाहिले आहे. आता छर्रे कड्यात बंदिस्त असतात, आणि हेडसेटचे इतके प्रकार झाले आहेत की नुसत्या नावावर भरवसा ठेवणारा माणूस हमखास फसतो.

मी नावावरच भरवसा ठेवला. फ्रेमच्या कागदावर 'इंटिग्रेटेड' असे छापले होते. दुकानातल्या खोक्यावरही 'इंटिग्रेटेड' होते. दांड्याचे वरचे मापही जुळत होते. मी खोके घेऊन घरी आलो. वरचे बेअरिंग नळीच्या तोंडावर ठेवले, तर ते आत जाईना. फरक डोळ्याला दिसेल न दिसेल एवढाच होता. रविवारी फ्रेम, चिमटा आणि खोके रिक्षात घालून मी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका सायकल-मिस्त्रीकडे गेलो. अवघड काम त्याच्याकडे न्यावे, असे दोघातिघांनी सांगितले होते.

तो चाळिशी ओलांडलेला, हात ग्रीसने माखलेले. त्याने मान वर केली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, बसा. गारी कुनाची?"

'गारी' हा शब्द ऐकला आणि मी त्याला ओळखले. पण त्या वेळी काही बोललो नाही. खोके पुढे करून म्हणालो, "थोडाच फरक आहे. जरा ठोकून बसव."

त्याने व्हर्नियरने नळीचे तोंड मोजले: ४१.१ मिलिमीटर. बेअरिंग मोजले: ४१.८. मग दोन्ही आकडे पुठ्ठ्यावर लिहून माझ्यापुढे धरले. "ठोकला तर बसंल, सर. पन बसवाचा नाय. फ्रेम आतून जाईल, वरून दिसनार नाय."

"मग नळी आतून जरा घासली तर?"

"घासली तर धागं कापतील. मंग त्यात काय राहिलं?"

कार्बनची फ्रेम म्हणजे कार्बनच्या बारीक तंतूंचे थर रेझिनमध्ये बांधून केलेली वस्तू. लोखंड वाकते, ॲल्युमिनियमला पोचा पडतो; घाव कुठे बसला ते धातू दाखवतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. मग एखाद्या उतारावर, भर वेगात, ते कळते. मी आधीच थोडे ठोकले असेन, या शंकेने त्याने खिशातले नाणे काढले आणि नळीवर हलकेच वाजवत कान जवळ नेला. जिथे थर सुटलेले असतात तिथे आवाज बद्द येतो, हे त्याने मला समजावले. आवाज सगळीकडे सारखा होता. फ्रेम वाचली होती.

तो नाणे वाजवत होता तेव्हा मला आमचा वर्ग आठवत होता. विसाहून अधिक वर्षे झाली. प्रथम वर्ष बी.ए.च्या तासाला हा मुलगा उभा राहून उतारा वाचत होता आणि 'गाडी' या शब्दाशी आला की 'गारी' म्हणत होता. मी तीनदा थांबवले. "गारी नव्हे, गाडी. जरा जीभ वळव." वर्ग हसला. चौथ्यांदा तो त्या शब्दापाशी थांबला आणि खाली बसला. दुसऱ्या सत्रात तो आला नाही. कारण मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

विद्यार्थिमित्रहो, मी तेव्हा भाषाविज्ञानात पीएच.डी. झालेला होतो. आगरी बोलीत दोन स्वरांच्या मधला 'ड' हा 'र' होतो, 'घोडा' तिथे 'घोरा' होतो, आणि हे जिभेच्या आळसाने नव्हे तर नियमाने होते, हे मला पाठ होते. प्रमाण मराठीतही 'गाडी'तला 'ड' हा 'डबा'तल्या 'ड'इतका घट्ट नसतो. जीभ टाळूला निसटती लागून खाली येते. म्हणजे त्याच्या उच्चारात आणि माझ्या उच्चारात अंतर होते ते केसभर. तेवढ्यासाठी मी चाळीस मुलांसमोर हातोडी उचलली होती.

माझ्या तोंडी वारंवार येणारा 'जरा' हा शब्दही आमच्या विषयातले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दंततालव्य 'ज'ने उच्चारला तर 'थोडेसे'. तालव्य 'ज'ने उच्चारला तर म्हातारपण. देवनागरी लिपी हा भेद दाखवत नाही; तो कानाने ओळखावा लागतो. खोक्यावरचा 'इंटिग्रेटेड' हाही तसाच शब्द. नाव एक, आणि त्याखाली ४१चे घर वेगळे, ४२चे वेगळे.

म्हणून सायकलच्या धंद्याने या नावांपलीकडची एक सांकेतिक भाषा तयार केली आहे. मिस्त्रीने ती मला पुठ्ठ्यावर लिहून शिकवली. पहिली दोन अक्षरे प्रकार सांगतात: 'ईसी' म्हणजे वाटी नळीच्या बाहेर, 'झेडएस' म्हणजे वाटी नळीच्या आत दाबून बसवलेली, 'आयएस' म्हणजे वाटीच नाही, बेअरिंग थेट फ्रेममधल्या घरात. त्यानंतरचा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, तिरप्या रेघेनंतरचा दांड्याचा. खाली दांडा रुंद होत असेल तर खालचे सूत्र निराळे. माझ्या फ्रेमचे सूत्र निघाले: वर आयएस ४१/२८.६, खाली आयएस ५२/४०. मी आणले होते ते वरचे आयएस ४२. बेअरिंगच्या कडेचा उतार किती अंशांचा, ३६ की ४५, हेही पाहावे लागते. तो जुळला नाही तर कडी नीट टेकत नाही. आणि येऊरच्या पावसात चालवायची असेल तर छर्रे स्टेनलेसचे आणि रबराचे सील चांगले हवे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो.

आठवड्याने बरोबर मापाचा हेडसेट आला. या खेपेला मिस्त्रीने हातोडी जवळही घेतली नाही. दोन बोटांनी बेअरिंग घरात ठेवले आणि ते आपसूक खाली गेले. 'बसणे' आणि 'बसवणे' यांतला फरक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे: एक अकर्मक, दुसरे प्रयोजक. त्या दुकानात तो पहिल्यांदा हाताला कळला. त्याने वरचा बोल्ट अंदाजाने आवळला, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली, खडखड ऐकली, थोडा आणखी आवळला. मग चाक उचलून हँडल सोडले. ते स्वतःच्या वजनाने अलगद एका बाजूला वळले. "जास्ती आवललं तर फिरनार नाय, सैल ठेवलं तर ठोकत राहील," तो म्हणाला.

पैसे देताना मी म्हणालो, "तू कॉलेज का सोडलंस, ते मला माहीत आहे. चूक माझी होती."

तो चिंधीने हात पुसत राहिला. वडील आजारी पडले होते, दुकान बघायला कोणी नव्हते, असे काहीसे तो पुटपुटला. ते खरे असेल, किंवा मला सांभाळून घेण्यासाठी असेल. मग त्याने विचारले, "सर, आता कॉलेजात आमची भाषा पन शिकवतात म्हनं. खरं काय?"

"खरं आहे. बोलींचा अभ्यास असतो. मीच शिकवतो."

"मंग आमी पास का, सर?" तो हसून म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या गिऱ्हाइकाच्या गारीकडे वळला.