आधी लाल, मग चंदेरी

१९८० च्या दशकात रिमोटवर पळणाऱ्या गाडीची बॉडी खोक्यातून निघायची ती काचेसारखी नितळ. दरवाज्यांच्या फटी, हेडलाइटचे खळगे, सगळं साच्यातून उठलेलं, पण रंगाचा टिपूस नाही. तामियाची ‘हॉर्नेट’ घ्या नाहीतर असोसिएटेडची ‘आरसी १०’, दोन्ही १९८४ च्या. लेक्झन नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचं ते टरफल रंगवायचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात. आणि रंग द्यायचा आतून, म्हणजे गाडी भिंतीवर आपटली तरी ओरखडा प्लास्टिकवर उठतो, रंग शाबूत राहतो.

आतून म्हटलं की सगळा क्रम उलटा. काचेवर मागून चित्र काढणारे आपले जुने चितारी डोळे-दागिने आधी रंगवत आणि मागची भिंत शेवटी, तसंच हे. कँडी रंगात तर ही उलटापालट फारच गमतीची. खऱ्या मोटारीवर ‘कँडी अ‍ॅपल रेड’ आणल्याचं श्रेय कॅलिफोर्नियाच्या जो बेलनला देतात. तिथे खाली धातूची चमक असते आणि वर पारदर्शक लाल. उजेड लाल थरातून आत जातो, धातूवर आपटून पुन्हा लालातूनच बाहेर येतो, म्हणून रंगाला खोली दिसते. आमच्या बॉडीत लाल आधी, चंदेरी नंतर.

मी कॅलिफोर्नियात नोकरीला आलो तेव्हा गॅरेजात हेच चाले. बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवायची, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळायचं, खिडक्यांना आतून टेप. पहिल्या हाताला काचेवर फुंकर मारावी इतपतच लाली येते. धीर सुटून दाट फवारा मारला की ओघळ आलाच, आणि पारदर्शक रंगात ओघळ लपत नाही. तो तिथे गडद होऊन बसतो. म्हणून पातळ हात, मधे वाळवण, दर खेपेला ट्यूबलाइटसमोर धरून बघणं. इतकं करूनही वस्तू दिसे सरबताच्या बाटलीसारखी. मग चंदेरीचा हात पडला की तोच लाल एकदम पेटून उठे. चंदेरी टाळून थेट काळा मारणारे महाभागही होते. काळा उजेड गिळतो, त्यांच्या गाड्या वाळल्या रक्ताच्या रंगाच्या व्हायच्या. काळा हवा, पण चंदेरीच्या मागे, उजेड आरपार जाऊ नये म्हणून.

आता बॉडीवर संरक्षक फिल्म कारखान्यातूनच येते. एअरब्रश घरोघरी, रंग पाण्यातले, मास्क संगणकाने कापलेले. हाताने ब्लेड फिरवून अशी धार आम्हाला साधली नसती. त्या जुन्या स्प्रेच्या वासाने गहिवरणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. डोकं दुखायचं.

पण बहुतेक गाड्या आता रंगवूनच मिळतात, ‘रेडी टू रन’. परवा ट्रॅकवर एकाच खोक्यातल्या तीन निळ्या गाड्या एकदम वळणावर आल्या आणि तिघंही चालक ओरडले, “माझी कुठली?” पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कुणाचा जांभळा कुठे फिकट राहिलाय, कुणाच्या छतावर टेपखालून रंग झिरपलाय, हे समोरच्या टोकावरूनही सगळ्यांना ओळखू यायचं, आणि त्यावरून टिंगलही रीतसर व्हायची.